तळ्याच्या तळाशी निजलेली विमाने

बेळगावच्या पूर्वेस सांबऱ्याचे जे विमानतळ आहे ते दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य होय. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने ते उभारले. ब्रह्मदेशाच्या आघाडीला पूरक असे वैमानिकांचे शिक्षण तेथे चाले. पुढे गोव्याच्या मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, याच धावपट्टीवरून हंटर जातीची विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. आज तेथे हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण चालते आणि शेजारी प्रवासी विमानेही उतरतात. युद्धकाळातील विमाने मात्र तेथे शोधू गेल्यास मिळावयाची नाहीत. मग ती गेली कोठे? काही पडली, काही मोडीत निघाली, काही भट्टीत वितळून भांड्यांच्या रूपाने आपल्याच घरात आली असतील तर नवल नाही. जगात अन्यत्र काही विमानांच्या वाट्याला वेगळीच गती आली. ती सरोवरांच्या तळाशी जाऊन बसली आणि तीस, चाळीस, पन्नास वर्षांनी माणसांनी त्यांना पुन्हा वर आणले. त्या उद्योगाविषयी आज लिहावयाचे आहे.

आपल्या भागातील वाचकांना पाण्याखालच्या वस्तूंचे कुतूहल समजावून सांगण्याची गरज नाही. हिडकल धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला लोटतात. दगडी देऊळ पाण्यात राहते यात फारसे आश्चर्य नाही. पत्र्याचे विमान राहते, याचे आहे.

त्याचे कारण धातूत आणि पाण्यात, दोहोंत आहे. विमानाचा पत्रा निव्वळ ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात थोडे तांबे मिसळून त्याला बळकटी आणतात. यमनापूरच्या कारखान्यात, ज्याला जुनी माणसे अजूनही ‘इंडाल’च म्हणतात, आयुष्य घालविलेल्या कोणासही विचारा, तो सांगेल की ॲल्युमिनियमवर आपोआप एक पातळ कवच चढते व तेच त्याचे रक्षण करते. समुद्राचे खारे पाणी हे कवच फोडते. त्यातून पत्र्याला पोलादी खिळे व बोल्ट जोडलेले असले की दोन धातूंमध्ये विजेच्या बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन पत्रा झिजू लागतो. चाके आणि इंजिनाचे काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रणाचे असतात. ते तर सर्वांच्या आधी विरघळतात. गोड्या पाण्यात हे सर्व फार मंद चालते, आणि ते पाणी थंड, खोल व काळोखे असेल तर अधिकच मंद. म्हणूनच उत्तम स्थितीतली विमाने मिळतात ती नॉर्वे, फिनलंडकडील प्रदेश, स्कॉटलंड आणि अमेरिकेतील मिशिगन सरोवर अशा थंड ठिकाणी.

मिशिगनची कथा मोठी गमतीची आहे. युद्धात अमेरिकेला विमानवाहू जहाजावर उतरू शकणारे वैमानिक हजारोंनी हवे होते, आणि समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या फिरत होत्या. तेव्हा शिकागोजवळच्या सरोवरात सहलीला जाणाऱ्या लोकांची ने-आण करणाऱ्या, कोळशावर चालणाऱ्या, बाजूला मोठी चाके असलेल्या दोन आगबोटी घेऊन त्यांच्यावर सपाट तक्ता ठोकण्यात आला. १९४२ आणि १९४३ साली ‘वुल्व्हरिन’ व ‘सेबल’ या नावांनी त्या कामाला लागल्या. त्यांच्यावर सुमारे १७,००० वैमानिक तयार झाले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश त्यांपैकीच एक. शिकाऊ माणसांच्या हातून शंभराहून अधिक विमाने सरोवरात गेली. बहुतेक वैमानिक पोहून वा नावेत बसून परतले. विमाने मात्र खालीच राहिली. १९९०च्या सुमारापासून त्यांतील चाळीसच्या आसपास वर काढण्यात आली आहेत. त्यांपैकी एका डॉन्टलेस बाँबफेकी विमानाने पर्ल हार्बरचा हल्ला पाहिला होता व मिडवेच्या लढाईत भाग घेतला होता. तेथून ते गोळ्यांनी चाळण होऊन परतले, दुरुस्त झाले, शिकाऊंच्या हाती दिले गेले, आणि एका शिकाऊने ते जून १९४३ मध्ये सरोवरात बुडविले! युद्धाने जे साधले नाही ते शाळेने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

शोध कसा घेतात? नावेच्या मागे दोरीने माशाच्या आकाराचे एक यंत्र ओढीत नेतात. ते दोन्ही बाजूंना ध्वनीच्या लहरी सोडते व परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र उमटविते. मग पाणबुड्ये किंवा दूरनियंत्रित कॅमेरा खाली जातो. काढण्याचे काम खरे कौशल्याचे. पंखाचा मुख्य कणा जेथे धडाला जोडलेला असतो, तेथेच पट्टे अडकवावे लागतात. पाण्यात असताना पाणीच विमानाचे बरेचसे ओझे वाहते. पृष्ठभागाशी येताच तो आधार जातो, आणि आत साचलेले पाणी व गाळ यांचे वजन एकदम कमजोर सांध्यांवर येते. ओला गोधडीचा पिळा हौदातून उचलून पाहिलेल्या गृहिणीला हे निराळे सांगावयास नको. म्हणून घाई करायची नाही, पाणी निथळू द्यायचे. १९९९ साली नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइमच्या खाडीतून जर्मनांचे कॉन्डोर जातीचे मोठे विमान उचलताना ते डोळ्यांदेखत मोडून पडले. ते पुन्हा जुळविण्यात वीसहून अधिक वर्षे गेली. ती खाडी खाऱ्या पाण्याची होती, हेही ध्यानात घ्यावे.

स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवराचे नाव तेथील काल्पनिक जलचरामुळे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. १९७६ साली त्या जलचराच्या शोधात ध्वनियंत्रे घेऊन गेलेल्या अमेरिकनांना जलचर नव्हे, विमान सापडले. ते वेलिंग्टन जातीचे बाँबफेकी विमान होते. डिसेंबर १९३९ मध्ये जर्मन किनाऱ्यावरील ज्या मोहिमेतून निम्म्याहून अधिक वेलिंग्टन परतली नाहीत, तिच्यातून हे सुखरूप आले होते. ३१ डिसेंबर १९४० रोजी हिमवादळात त्याचे एक इंजिन बंद पडले. इतरांना हवाई छत्रीने उतरवून दोघा वैमानिकांनी ते सरोवरावर टेकविले. मागच्या तोफेवरचा जवान मात्र छत्री न उघडल्याने गेला. सप्टेंबर १९८५ मध्ये, पहिला प्रयत्न फसल्यानंतर, ते वर आले. जाळीसारखी विणलेली त्याची धातूची चौकट टिकून होती, आणि त्याहून नवल असे की शेपटीचे दिवे आजच्या बॅटरीला जोडताच पेटले. ते आता, जेथे घडले त्याच ब्रुकलँड्सच्या परिसरातील संग्रहालयात आहे.

पण विमान वर काढावे की नाही, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. ज्याच्यात माणूस गेला, ते विमान एक प्रकारे त्याची समाधी असते. ब्रिटनने १९८६ साली कायदा करून युद्धातील सर्व पडलेल्या लष्करी विमानांना संरक्षण दिले. परवानगीवाचून कोणी हात लावावयाचा नाही. अमेरिकन आरमार तर आपली बुडालेली विमाने कधीच बेवारस मानीत नाही. आम्हाला हे योग्य वाटते. हौशी संग्राहकाच्या पैशापुढे मृताचा मान राखणारे कोणी तरी असावयास हवे.

मात्र दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावात. महायुद्धात इटलीतील डोंगरांत या पलटणीचे कितीतरी जवान पडले. माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात प्राण दिले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, म्हणजे ज्यांची समाधी कोठे आहे हे ठाऊक नाही अशांच्या यादीत. ज्या घरी ‘बेपत्ता’ अशी तार येते, त्या घरी श्राद्ध कोणत्या तिथीला करावे, कुंकू पुसावे की ठेवावे, हे प्रश्न वर्षानुवर्षे उंबऱ्यावर बसून राहतात. म्हणून विमानात माणूस असल्याची शक्यता असेल तर ते उघडून पाहावे, अस्थी घरी पाठवाव्यात आणि मग विमानाचा विचार करावा, हा क्रम आम्हाला मान्य आहे. आपल्याच देशाच्या ईशान्येला, आसामातून चीनकडे हिमालय ओलांडून जाणाऱ्या त्या प्रसिद्ध मार्गावर, १९४२ ते १९४५ या काळात शेकडो अमेरिकन विमाने पडली. अरुणाचलाच्या जंगलांतून त्यांचे अवशेष अजूनही सापडतात. पासीघाट येथे २०२३ साली त्यांचे संग्रहालय झाले. तेथील पत्रा पाहण्यासारखा आहेच, परंतु अमेरिकेतली कुटुंबे जी वाट पाहतात ती पत्र्याची नव्हे.

भारतात सरोवरातून नव्हे, पण भंगारातून युद्धविमाने उठविण्याचा एक पराक्रम झाला, आणि त्याची आठवण आपण फारच कमी ठेवतो. युद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने कानपूरला टाकून देण्यात आली. पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून त्यांची यंत्रे फोडली, पत्र्याला भोके पाडली. स्वतंत्र भारताला बाँबफेकी विमाने हवी होती आणि विकत कोणी देईना. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील माणसे कानपूरला गेली, एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावून त्यांनी एकेक विमान उडण्याजोगे केले, आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगलोरला उडवीत आणली. ती उडविताना त्यांच्या घरच्यांची स्थिती काय होत असेल, देव जाणे. १९४८च्या नोव्हेंबरात या विमानांवर हवाई दलाचे पाच क्रमांकाचे पथक उभे राहिले. एकूण चाळीसहून अधिक लिबरेटर अशा रीतीने जिवंत झाली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली.

याच मुन्शींनी ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे शिकाऊ विमान प्रथम उडविले, आणि त्याचे शिल्पकार होते डॉ. विष्णु माधव घाटगे. निपाणीहून फार दूर नसलेल्या गडहिंग्लजकडील हसूरचंपू गावचे हे सुपुत्र. जर्मनीत गॉटिंगेन येथे, वायुगतिशास्त्राचे आचार्य प्रांटल यांच्या हाताखाली ते शिकले होते. तंबाखूच्या शेतांच्या या मुलुखातून विमानशास्त्राचा एवढा मोठा माणूस निघाला, हे शाळांतून मुलांना सांगितले जावे. आज बेळगाव-निपाणी रस्त्यावर हत्तरगी येथे परदेशी विमानांचे भाग तयार होतात. तेथे नोकरीला जाणाऱ्या किती तरुणांना घाटग्यांचे नाव ठाऊक असेल?

निवृत्तीनंतर त्या लिबरेटरांचे काय झाले तेही सांगतो. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक बनलेल्या या विमानांपैकी जगभर इतकी थोडी उरली की परदेशी संग्रहालये ती मागण्यास आपल्याच दारी आली. एक कॅनडाला गेले, एक अमेरिकेतील ॲरिझोनाला, एक १९७४ साली ब्रिटनला. आपल्याकडे पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक आहे. दिली हे चांगलेच झाले. त्यांच्या छपराखाली ती नीट राहिली. परंतु आपल्या कारागिरांनी भंगारातून उठविलेली वस्तू पाहण्यास आपल्या मुलांना परदेशी जावे लागावे, ही बोच राहतेच.

ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या संग्रहालयाकडे ते कानपूरचे लिबरेटर आहे, त्याच्याच संग्रहात एक हॅलिफॅक्स विमानही आहे. २७ एप्रिल १९४२ रोजी जर्मन युद्धनौका टिर्पिट्झवर हल्ला करताना त्याने पेट घेतला आणि वैमानिकाने ते नॉर्वेतील हॉक्लिंगेन सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावर उतरविले. माणसे बाहेर पडली, एक जण पकडला गेला, बाकीचे स्वीडनकडे निसटले, आणि बर्फ फुटून विमान तळाशी गेले. १९७३ साली पाणबुड्यांनी ते वर काढले. संग्रहालयाने त्याला नवा रंग दिलेला नाही, नवा पत्रा बसविलेला नाही. सरोवरातून निघाले तसेच, मोडके आणि करडे, ते ठेवले आहे. ज्यांची मुले कामानिमित्त लंडनला असतात त्यांनी त्यांना कळवावे. संग्रहालय शहराच्या उत्तरेस हेन्डन येथे आहे.