रोजच्या गोष्टी सांगाव्यात

'माझा दिनक्रम' या विषयावर दहा ओळी लिहा, असे म्हटले की वर्गात एक उत्तर हमखास ऐकू येते : "आमच्या घरी सांगण्यासारखे काही घडतच नाही." मग सगळ्या वह्यांत तीच वाक्ये येतात. मी लवकर उठतो. मी दात घासतो. मी शाळेत जातो. बल्लारपूरच्या मुलाची वही आणि मुंबईच्या मुलाची वही यांत काही फरक उरत नाही. माझ्या मते प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. आपण ते क्षुल्लक समजतो, एवढेच.

मिर्झा गालिब यांचे नाव तुम्हांला परिचयाचे आहे. त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत काय आहे? पावसात गळणारे घर, आंब्यांची आवड, पैशांची चणचण, मित्राच्या पत्राची वाट. 'ऊद-ए-हिंदी' हा त्यांच्या पत्रांचा संग्रह १८६८ साली निघाला. ते इतिहास लिहायला बसले नव्हते. तरीही १८५७ नंतर दिल्लीच्या लोकांवर काय गुदरले, हे या पत्रांतून आज आपल्याला कळते.

आता आपल्या जवळचे उदाहरण पाहा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई खेड्यांतील स्त्रियांशी बोलत. कोणत्या झाडाचे काय खातात, कोणते झाड औषधाला लागते, अशा रोजच्या गोष्टी त्या स्त्रिया सांगत. त्यांतून 'गोईण' हे मराठी पुस्तक तयार झाले. गोईण म्हणजे मैत्रीण. "यात काय सांगायचे?" असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर हे ज्ञान पुस्तकात आले नसते.

आपल्या जिल्ह्यांत तर साध्या माहितीवर कधीकधी जीव अवलंबून असतो. उन्हाळ्यात लोक पहाटे मोहफुले वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. म्हणून नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाचे ताजे पाऊल दिसले, तर ते लगेच सांगितले पाहिजे. कोठे दिसले, केव्हा दिसले, हेही नेमके सांगितले पाहिजे. "जंगलात वाघ आहे" एवढेच म्हणून कोणाचा उपयोग होत नाही.

कोणी म्हणेल, "या तर रिकाम्या गप्पा!" मला तसे वाटत नाही. शेजाऱ्याच्या घरातील भांडण चार ठिकाणी सांगणे, ही चुगली झाली. ऐकीव गोष्टीला तिखटमीठ लावणे, ही अफवा झाली. आपण स्वतः पाहिलेले, केलेले, मोजलेले सांगणे ही माहिती होय. हा फरक मात्र विसरू नका.

आपल्या भागात कोणाच्या घरी गोंडी बोलतात, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी बंगाली; तुमच्या घरी उर्दू. बाजारात, दवाखान्यात, एस.टी.च्या गाडीत हे सर्व मराठीत एकमेकांशी बोलतात. बाजार, दुकान, कागद, हिशोब हे तुमच्या ओळखीचे शब्द मराठीतही आहेत. मग बोलायला संकोच कशाचा?

रोज संध्याकाळी मराठीत फक्त तीन वाक्ये लिहा. रमजानमध्ये सहरीला घरात प्रथम कोण उठते? अब्बांच्या दुकानात आज किती गिऱ्हाइके आली? अंगणातल्या कडुलिंबाला मोहोर केव्हा आला? व्याकरण चुकले तर शिक्षक सुधारतील. तुमच्या घरची गोष्ट मात्र तुम्हीच सांगू शकता. ती तुमच्याऐवजी दुसरा कोणी लिहिणार नाही.