तबकडीला हात लावू नये

'जुने ते सोने' ही म्हण जुन्या मनगटी घड्याळांच्या बाजारात अगदी शब्दशः घेतली गेली आहे; फरक इतकाच की तेथे जुन्यावर आधी नवा मुलामा चढतो आणि मगच ते सोन्याच्या भावाने विकले जाते.

एचएमटीचेच पाहा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरच्या कारखान्यात ही घड्याळे होऊ लागली. पुढे तुमकूरलाही कारखाना उभा राहिला. हुबळी-धारवाडच्या मध्यमवर्गाने त्यांवर शाळा, कचेऱ्या आणि गाड्या गाठल्या, आकाशवाणीच्या बातम्यांबरोबर त्यांचे काटे जुळवले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली, आणि कपाटात धूळ खाणारी 'जनता' आणि 'पायलट' घड्याळे एकाएकी दुर्मिळ ठरली. दुर्मिळ ठरताच ती बाजारात मुबलक झाली! एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याची पेटी, तिसऱ्याची चावी आणि वर कारखान्याने कधीही न काढलेल्या रंगाची चकचकीत तबकडी, अशी ही निर्मिती. वेस्ट एंड आणि फेवर-ल्युबा या जुन्या स्विस घड्याळांचीही हीच गत आहे. परदेशी संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. ज्या मुंबईत फेवर-ल्युबाचा व्यापार १८६५ पासून होता, तिच्या वाट्याला ही कीर्ती यावी याचे आम्हांस दुःख आहे. परंतु दोष केवळ रंगवणाऱ्याचा नव्हे. डाग पडलेली तबकडी पाहून नाक मुरडणारे गिऱ्हाईक आपणच आहोत.

येथे आमचा स्वतःचा अपराधही सांगितला पाहिजे. आमच्या वडिलांची 'जनता' आम्ही साफसफाईसाठी एका दुकानात दिली होती. तिची पांढरी तबकडी पिवळसर झाली होती आणि सहाच्या आकड्यापाशी घामाचा एक तपकिरी डाग होता. आठवड्याने घड्याळ परत आले ते मोरपंखी निळे होऊन. दुकानदाराने मोठ्या आपुलकीने हे काम केले होते, वर त्याचे पैसेही मागितले नाहीत. जुनी तबकडी परत मागितली तेव्हा कळले की ती वेगळी अशी उरलेलीच नाही. तोच पत्रा घासून त्यावर रंग दिला होता.

मागचे झाकण मात्र वाचले. घड्याळे दुरुस्त करणारे जुने कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूस टोकदार सुईने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवीत. आमच्या झाकणात अशा चार नोंदी आहेत. पहिली १९७४ची. घड्याळ कोणाच्या हातून गेले, किती वर्षांनी अडले, याचा एवढा विश्वसनीय पुरावा दुसरा नाही. आणि संग्राहक म्हणवणारे कित्येक लोक तेही 'ओरखडे' म्हणून घासून काढतात!

यावर हटकून एक आक्षेप येतो: घड्याळ ही वापरायची वस्तू, ती नवी दिसली तर बिघडले कोठे? आक्षेप पोकळ नाही. चावीच्या घड्याळात दर सेकंदाला पाचेक ठोके पडतात. तेल वाळते, स्प्रिंग थकते, काच चरे पडून आंधळी होते. ते बदललेच पाहिजे, नाहीतर सतरा माणकांचे यंत्रही निकामी होईल. पण पोथीची शिवण उसवली तर ती पुन्हा शिवावी, शाई फिकटली म्हणून अक्षरे गिरवू नयेत, हा विवेक साहित्याच्या उपासकांना तरी शिकवावा लागू नये. यंत्राची दुरुस्ती घड्याळाला चालते ठेवते. तबकडीची रंगरंगोटी त्याचा चेहराच बदलते.

तेव्हा विकत घेताना भिंग लावून पाहावे. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड आणि किंचित फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी नीट जुळत नाहीत, तळाची 'स्विस मेड' ही बारीक ओळ अनेकदा गायब असते. अशा वस्तूला नकार द्यावा, भाव कितीही उतरो. आणि पन्नास घड्याळे पेटीत निजवून ठेवणाऱ्यांनी निदान एकाला तरी रोज चावी द्यावी. पण तो वेगळ्या भांडणाचा विषय आहे.

आम्ही आता घड्याळ दुरुस्तीला देताना दुकानाच्या पावतीवर स्वतःच्या हाताने लिहितो, 'तबकडीला हात लावू नये'; आणि चुकीला जागा राहू नये म्हणून त्याखाली तेच कन्नडमध्ये.