एका धावेने जिंकलो, तरी...

२ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री शिकागो कब्जने क्लीव्हलंडला ८-७ असे हरवून बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. १९०८ नंतर पहिल्यांदाच. शिकागोत राहायला आल्यापासून मीही या संघाचा चाहता. त्या रात्री ओरडलो, रडलोही. तरी मन पूर्ण निवलं नाही.

क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकांसाठी हुकमी गोलंदाज राखून ठेवतात, तसा बेसबॉलमध्ये ‘क्लोजर’ असतो. त्या जुलैमध्ये कब्जने अरोल्डिस चॅपमन हा कमालीचा वेगवान क्लोजर आणला. त्याच मोसमाच्या सुरुवातीला घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या नव्या नियमाखाली त्याच्यावर ३० सामन्यांची बंदी आली होती. प्रेयसीचा गळा धरल्याचा आरोप त्याने नाकारला, खटलाही झाला नाही. पण त्या रात्री गॅरेजमध्ये गोळ्या झाडल्याचं त्याने कबूल केलं होतं.

हे ठाऊक असून संघाने त्याला घेतलं, आणि ठाऊक असून मी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये कब्ज ६-३ ने पुढे असताना चॅपमन आला. बघता बघता रजाय डेव्हिसच्या होमरनने ६-६ अशी बरोबरी झाली. क्षणभर वाटलं, बरी जिरली! दुसऱ्याच क्षणी, ‘अल्लाह, आता तरी जिंकू दे.’ मग पाऊस, १७ मिनिटांचा खोळंबा, दहाव्या इनिंगमध्ये आमच्या दोन धावा, त्यांची एक. संपलं. आणि आघाडी घालवणारा चॅपमनच खेळाच्या नियमाप्रमाणे विजयी पिचर म्हणून नोंदला गेला!

मित्र म्हणतात, खेळ वेगळा, घरातलं वेगळं. मला हे पटत नाही. मार खाणाऱ्या बाईलाही आपण पिढ्यानपिढ्या हेच सांगत आलो आहोत, घरातली गोष्ट घरात ठेव.

पण म्हणून हा विजयच नाकारावा, हेही जमत नाही. त्या दिवसांत लोकांनी रिगली मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या आई-वडिलांची, आजोबांची नावं लिहिली होती. आयुष्यभर वाट पाहून गेलेली ती माणसं. त्यांचा आनंद एका खेळाडूच्या मालकीचा नाही.

मग करायचं काय? मला वाटतं, आनंद मानावा, पण हिशेब पुरा सांगावा. त्या मोसमात काही चाहत्यांनी चॅपमनने राखलेल्या प्रत्येक सामन्यामागे पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना पैसे दिले. मी तेवढंही केलं नाही. मनात खंत बाळगली आणि सामना बघत राहिलो.

आपल्या माणसांच्या विजयात आपल्याच माणसांची चूक बोलून दाखवणं जड जातं. समोरच्या संघात चॅपमन असता, तर मी किती मोठ्याने बोललो असतो!

उद्या मुलीने त्या रात्रीबद्दल विचारलं, तर तिला दोन्ही गोष्टी सांगेन. त्यातली दुसरी सांगताना आवाज खाली जाऊ नये, एवढंच.