अठ्ठेचाळीस वर्षे बिननावाचे झाड



आमच्या गावाकडे एखादा अनोळखी मुलगा अंगणात येऊन उभा राहिला, तर ओट्यावर बसलेली म्हातारी त्याला प्रथम नाव विचारीत नाही. ती विचारते, "बाळा, तू कुणाचा?" मुलाने बापाचे नाव सांगितले, आजोळ सांगितले, की तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. मग नाव विचारले जाते, बसायला पाट दिला जातो आणि पाण्याचा तांब्या पुढे येतो. घराणे आधी, नाव मागाहून, अशी ही आपली जुनी रीत आहे.

वनस्पतींचे शास्त्रही याच रीतीने चालते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. जाणता शास्त्रज्ञ रानातील अनोळखी झाडाला आधी हेच विचारतो, की तू कुणाचा? वांगे, मिरची, बटाटा आणि रस्त्याकडेचा धोतरा ही एका कुलातील भावंडे होत. तुळस, सब्जा आणि पुदिना यांचे कुल एक. आंबा, काजू आणि बिब्बा हे तर सख्खे शेजारी, जरी काजू पोर्तुगीजांच्या गलबतांतून ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आला असला तरी! पानांची ठेवण, फुलांच्या पाकळ्या, फळातील बियांची मांडणी पाहून जाणकार मनुष्य कुल ओळखतो. परंतु एखादे झाड या प्रश्नाला उत्तरच देईनासे झाले, तर काय करावे? आज आम्ही वाचकांस अशाच एका हट्टी झाडाची हकीकत सांगणार आहोत.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात मानू नावाची नदी आहे. आपल्या पुराणांतील मनूशी तिचा काही संबंध नाही. तिच्या खोऱ्यात, अँडीज पर्वताच्या उतारांपासून अॅमेझॉनच्या सखल अरण्यापर्यंत पसरलेले, पंधरा लाख हेक्टरांहून मोठे असे मानू राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना 1973 साली झाली, आणि 1987 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. हे सदाहरित अरण्य आहे. तेथे झाडांची दाटी इतकी असते, की मोठमोठ्या वृक्षांच्या छायेखाली लहान झाडे, त्यांच्याखाली झुडपे आणि सर्वांवरून वेली, अशी मजल्यामजल्यांची वस्ती उभी राहते.

उद्यान स्थापन झाले त्याच 1973 साली रॉबिन फॉस्टर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेथील संशोधन केंद्रापासून निघणाऱ्या रानवाटेने चालले होते. वाटेत त्यांना सुमारे वीस फूट उंचीचे एक झाड दिसले. झाड तसे साधेच होते. पण त्याची फळे पाहून त्यांचे पाऊल थबकले. लहान, नारिंगी रंगाची, कागदी कंदिलासारखी ती फळे होती. नाताळात आपण दारावर जे कंदील टांगतो, त्यांचीच जणू चिमुकली रूपे! पिकल्यावर ती रसाळ होत आणि आत काही बिया असत.

फॉस्टर हे मोठे जाणकार. बहुतेक झाडांचे कुल ते एका दृष्टिक्षेपात सांगत. या झाडापुढे मात्र त्यांची मती चालेना. एक लक्षण पाहावे तर ते एका कुलाचे वाटे, दुसरे पाहावे तर भलत्याच कुलाचे. त्यांनी पाने आणि फळे यांचे नमुने घेतले, रीतसर वाळवून जपले, आणि अनेक तज्ज्ञांना दाखविले. सर्वांनी माना हलविल्या.

येथे वाचक विचारतील, की त्यांनी ते नवे झाड म्हणून जाहीर करून मोकळे का होऊ नये? कारण असे, की शास्त्रात झाडाचे नाव दोन शब्दांचे असते. ही पद्धत लिनियस या स्वीडिश पंडिताने 1753 साली वनस्पतींना लावून दिली. त्यातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या भाऊबंदांचा, आणि दुसरा त्या जातीचा स्वतःचा. आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे आईबापांचे नाव लागते, तसेच हे आहे. ज्याचे भाऊबंदच सापडत नाहीत, त्याची नोंद कोणत्या पानावर करायची? झाड नवे दिसते खरे, पण ते खरोखर नवे आहे हे सिद्ध करावयास ते कोणाजवळ बसते आणि कोणापासून वेगळे पडते, हे दाखवावे लागते.

म्हणून ते नमुने शिकागो येथील फील्ड संग्रहालयात येऊन पडून राहिले. अशा वनस्पतिसंग्रहात वाळलेल्या डहाळ्या जाड कागदांवर चिकटविलेल्या असतात. कोणी, कोठे, कोणत्या दिवशी गोळा केली, हे खाली चिठ्ठीवर लिहिलेले असते. 1990 साली नॅन्सी हेन्सोल्ड नावाच्या विदुषी त्या संग्रहालयात कामास लागल्या, तेव्हा फॉस्टर यांनी त्यांनाही ते कोडे दाखविले. त्यांनी फुलांतील बीजांडकोश उकळून मऊ केले व तपासले, परागकणांची छायाचित्रे घेतली. इतके करूनही उत्तर मिळाले नाही. वर्षे जात राहिली. झाड तिकडे रानवाटेवर उभे होते, आणि त्याची वाळलेली डहाळी इकडे कपाटात होती.

पुढे त्या संग्रहालयाच्या महिला मंडळाने या कामासाठी अनुदान दिले. आपल्या गावोगावच्या महिला मंडळांनी हे वाक्य जरूर वाचावे, असे आम्हांस वाटते. आता डीएनएची परीक्षा करावयाची ठरली. डीएनए म्हणजे प्रत्येक पेशीत असलेली घराण्याची वही होय. बाहेरचे रूप पिढ्यांगणिक कितीही पालटले, तरी या वहीत मूळ नाते लिहिलेले सापडते. परंतु जुन्या वाळलेल्या नमुन्यांतून ती वही काही वाचता येईना. ताजे पान हवे होते, आणि ताजे पान तर मानूच्या अरण्यात!

तेव्हा पॅट्रिशिया आल्वारेझ-लोआयझा या शास्त्रज्ञ बाईंना विनंती करण्यात आली. मानूच्या रानावर लक्ष ठेवण्यात त्यांनी कित्येक वर्षे घालविलेली. त्यांनी ते झाड शोधून काढले आणि त्याचे नमुने शिकागोस पाठविले. प्रयोगशाळेत परीक्षा झाली तेव्हा सारेच चकित झाले. झाड निघाले पिक्राम्नियासी या कुलातील! हे अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील एक लहानसे कुल आहे, आणि या झाडाचा चेहरा त्या कुलातील कोणाशीच मिळत नव्हता. त्या कुलाचे सर्वांत मोठे जाणकार म्हणजे न्यू यॉर्कच्या वनस्पतिउद्यानातील वेट थॉमस. नमुने पाहून त्यांचाही प्रथम विश्वास बसला नाही. मग त्यांनी दोन-तीन मिलिमीटरांची ती इवली फुले बारकाईने तपासली, आणि नाते पटले. जे सर्वांना मोठ्या लक्षणांत सापडले नव्हते, ते सर्वांत लहान लक्षणांत दडलेले होते.

ऑक्टोबर 2021 मध्ये या झाडाचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्यासाठी नवी प्रजातीच निर्माण करावी लागली. नाव ठेवले 'एनिग्मानू आल्वारेझिए'. लॅटिन भाषेत 'एनिग्मा' म्हणजे कोडे, आणि त्याला जोडला मानू. म्हणजे मानूचे कोडे. दुसरा शब्द त्या ताजे पान आणणाऱ्या बाईंच्या सन्मानार्थ आहे. ज्या वृद्ध वाचकांनी बालपणी लॅटिन मिस्सेत सेवा केली आहे, त्यांना हे रूप परके वाटू नये. 'मारिया'चे षष्ठीचे रूप जसे 'मारिये' होते, तसेच 'आल्वारेझ'वरून, ती व्यक्ती स्त्री असल्याने, 'आल्वारेझिए', म्हणजे 'आल्वारेझबाईंचे'. 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मायबोलीत होऊ लागली. वनस्पतिशास्त्रात मात्र लॅटिनचा अंमल त्याहून लांबला. 1935 पासून 2011 सालाच्या अखेरीपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीतील वर्णनही चालू लागले, पण नाव आजही लॅटिन पद्धतीनेच ठेवले जाते.

कोणी म्हणेल, एका झाडाला नाव मिळाले, यात इतके काय मोठे? ते झाड तर नाव नसतानाही फुलत-फळत होतेच! हे खरे आहे. परंतु ज्याला नाव नाही, त्याची गणती होत नाही. जे मोजले जात नाही, ते किती उरले हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्याच्या रक्षणाचा अर्जही कोणाच्या नावे करता येत नाही. संकटात असलेल्या जातींच्या यादीत बिननावाच्या झाडाला ओळच मिळत नाही. कुऱ्हाड पडली, तर ते गेले हेही कळत नाही. जगात दर वर्षी सुमारे 2000 नव्या वनस्पतींचे वर्णन होते. लंडनजवळील क्यू येथील प्रसिद्ध उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी 2023 साली असा अंदाज मांडला, की ज्यांचे वर्णन अद्याप झालेले नाही अशा वनस्पतींपैकी चारांतील तीन नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. म्हणजे कित्येक झाडे नाव मिळण्याआधीच जाण्याच्या वाटेवर आहेत. मानूचे झाड भाग्याचे, की संरक्षित रानात उभे होते आणि अठ्ठेचाळीस वर्षे त्याला वाट पाहता आली.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून आपण सोडून देऊ नये. 2023 सालीच कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावरून कंदीलपुष्पाची एक नवी जाती शास्त्राला ठाऊक झाली, आणि तिला शिवरायांचे नाव देण्यात आले. बेळगावच्या वाचकांस तो गड काही फार दूर नाही. ज्या गडावर शतकानुशतके माणसांची ये-जा आहे, तेथेही एक फूल आपल्या नावाची वाट पाहत होते!

आणि झाडांची नावे लिहून ठेवण्याच्या कामी आपल्या लोकांचा हात जुना आहे. सतराव्या शतकात कोचीच्या डच अधिकाऱ्याने, हेन्ड्रिक फान रेडे याने, मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यात कार्मेलाईट संघाचे फादर मॅथ्यू यांचे साह्य होते, इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांचे परंपरागत ज्ञान होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोंकणी विद्वान होते. या तिघांनी 1675 साली दिलेला दाखला त्या ग्रंथात कोंकणी भाषेत व नागरी अक्षरांत छापलेला आहे. पुढे लिनियसने उष्ण देशांतील वनस्पतींसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला. धर्म, देश आणि भाषा निरनिराळ्या असलेली ही माणसे एका कामासाठी एकत्र बसली, म्हणून ती नावे उरली.

आज आमच्या मनाला एक गोष्ट टोचते. आजीला बांधावरच्या वीस-पंचवीस झाडांची नावे येतात, आईला दहा येतात, आणि मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'रान'. शास्त्राला जे झाड ठाऊक आहे, तेही अशा रीतीने आपल्या घरात बिननावाचे होऊन बसते. हा तोटा भरून काढावयास प्रयोगशाळा लागत नाही. येत्या रविवारी दुपारी मुलांना आणि आजीला घेऊन बांधावर जावे. एक साधी वही न्यावी. झाडाचे आपल्याकडील नाव, ते कोठे उभे आहे, केव्हा फुलते, फळ कसे असते, आणि हे कोणी सांगितले, इतके लिहावे. एक पान वर्तमानपत्राच्या घडीत दाबून शेजारी चिकटवावे. ज्या झाडाचे नाव आजीलाही येणार नाही, त्याच्यासाठी वहीत कोरी जागा ठेवावी. फॉस्टर यांनी आपल्या डहाळीखाली नावाची जागा अशीच कोरी ठेवली होती. त्यांनी ती फेकून दिली नाही, म्हणूनच पुढे कोणाला तरी ती भरता आली.