वनपट्ट्याची मोजणी आणि जीपीएसचा आकडा

वनहक्काच्या दाव्याची जमीन मोजायला जीपीएस यंत्र आले की पडद्यावरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, असेच गावात धरले जाते. ग्रामसेवक तो उतरवून घेतात, दावेदार मान हलवतो आणि तोच आकडा पट्ट्यावर चढतो. पुढे पीककर्ज असो की धानाची विक्री, क्षेत्र विचारले की हाच आकडा दाखवावा लागतो. म्हणून यंत्र चुकते कुठे, हे दावेदाराला आणि वनहक्क समितीला ठाऊक हवे.

जीपीएस मुळात जमीन मोजतच नाही, ते वेळ मोजते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून उपग्रहाचा संदेश निघतो. तो किती वेळात पोचला यावरून यंत्र अंतर काढते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर 300 मीटरने चुकते. म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा यंत्राचे घड्याळ जुळवायला. मे 2000 पर्यंत तर अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे आणि जागा 100 मीटरपर्यंत हुकायची. आता मोकळ्या माळावर हातातले यंत्र 3 ते 5 मीटरच्या आत सांगते.

पण आपल्याकडे माळ कुठे? सागाच्या ओल्या पानांनी संदेश क्षीण होतो, डोंगराच्या कड्यावर आपटून तो लांबच्या वाटेने येतो. मग चूक 10 मीटर, कधी त्याहून जास्त. श्रावणात घेतलेले आणि पानगळ झाल्यावर वैशाखात घेतलेले माप एकसारखे निघेलच असे नाही.

आता हिशेब पाहा. 40 आरच्या चौकोनी बांधीची प्रत्येक बाजू 5 मीटर आत धरली गेली, तर 28 आरच भरतात. तेच 40 आर नाल्याकाठी 20 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब असतील, तर उरतात फक्त 19 आर. चूक नेहमी आतच होते असे नाही, बाहेरही होते. मग शेजाऱ्याशी तंटा. सगळे कोपरे एकाच दिशेला सरकले तर क्षेत्र बरोबर येते, पण नकाशात शेत दुसऱ्याच्या जागेवर बसते!

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एवढ्या क्षेत्रात 10 मीटर इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. मार बसतो तो एका बांधीच्या धन्याला.

भूमी अभिलेखचे रोव्हर यंत्र सेंटीमीटरपर्यंत माप देते हे खरे. पण त्याला मोकळे आभाळ लागते, आणि दुरुस्तीचा संदेश मोबाइल नेटवर्कवरून येत असेल तर रेंजही लागते. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावांत रेंज कुठून आणायची? साध्या जीपीएसला रेंज लागत नाही, सुरू व्हायला थोडा उशीर लागतो इतकेच. तेव्हा रेंज नव्हती म्हणून धुऱ्यावर न जाताच माप लिहिले, ही सबब ऐकून घेऊ नका.

मोजणीला दावेदार आणि शेजारी दोघेही धुऱ्यावर चालले पाहिजेत. प्रत्येक कोपऱ्यावर यंत्र दोन-चार मिनिटे स्थिर धरायला सांगा. पडद्यावर अचूकतेचाही आकडा येतो, '± 8 मीटर' असा; तो पंचनाम्यात तारखेसह लिहून घ्या. लांबट बांधीची रुंदी साध्या टेपनेही मोजा, त्यात कमीपणा काही नाही.

कायदाही यंत्राला एकट्याने न्यायाधीश करत नाही. 2012 च्या दुरुस्ती नियमांनुसार उपग्रहाची छायाचित्रे आणि इतर तंत्रज्ञान पूरक पुरावा आहे, दुसऱ्या पुराव्याच्या जागी ते बसत नाही. जुने बांध, बोडी, घराचा पाया, वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन यांनाही पुरावा म्हणून मान आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा आणि 4 हेक्टरची मर्यादा मात्र पाळावीच लागते. क्षेत्र कमी केले तर कारण लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते. अर्जाला टेपचे माप आणि तो '±' चा आकडा जोडायला विसरू नका.