विश्लेषण : विंडोज १० थांबले, म्हणून लॅपटॉप भंगारात का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट बंद केले. शहापूर, मुरबाडच्या अनेक घरांत करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड लॅपटॉप आले. ते आजही सुरू होतात. फक्त त्यांतल्या सुरक्षेच्या त्रुटी आता नियमित अपडेटमधून बुजवल्या जात नाहीत.

विंडोज ११ का नाही?

त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप इथेच बाद होतात. मग दुकानात काहीशे रुपयांत ‘क्रॅक’ विंडोज टाकून मिळते. ग्राहकाला ते स्वस्त वाटते, पण त्या कॉपीत आणखी काय घातले आहे, हे दुकानदारालाही माहीत नसते. त्याच लॅपटॉपवरून पुढे बँकेचे व्यवहार होतात.

लिनक्स हा पर्याय कितपत खरा?

पुरेसा खरा. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही प्रणाली मोफत आहे आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला आहे. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्सही तयार केली आहे. नवख्याने मात्र ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. तिला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. ब्राउझर, लिब्रेऑफिस, युनिकोड मराठी टायपिंग, व्हिडीओ हे सगळे तिच्यावर चालते. अर्ज भरणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी काय हवे?

कशी टाकायची?

फाइल सुमारे ३ जीबीची असते. रोजच्या दीड जीबी मोबाइल डेटात ती बसत नाही. त्यामुळे कॉलेज किंवा ग्रंथालयाच्या वायफायवर, नाहीतर नोकरीसाठी आसनगावहून लोकलने मुंबईला जाणाऱ्या कुणाकडून ती उतरवून घ्यावी. ‘रुफस’ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी. ती कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. तिथे पेनड्राइव्ह निवडला की हार्डडिस्कला हात न लावता लिनक्स चालवून बघता येते. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर हे सगळे याच टप्प्यावर तपासावे. इथे घाई करणारेच नंतर लिनक्सला नावे ठेवतात.

फोटो, दाखले, गुणपत्रिका आधी दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात. ‘इरेज डिस्क’ निवडल्यावर काहीच उरत नाही. इन्स्टॉल सुरू करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असावी. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अडल्यास आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

कोणी टाकू नये?

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने, कारण तो प्रोग्राम विंडोजसाठी बनला आहे. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फायलींचा ढीग असलेल्यांनी आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. आणि अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या सेवा केंद्रांनी, त्या यंत्राचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय विंडोज पुसू नये.