छंद ट्रकचा, पण पोटाचं काय?

जुलैत आपल्या मराठी साहित्य मंडळाची पहिली बैठक झाली. प्रथम वर्षाच्या मुलामुलींनी नाव, गाव आणि छंद सांगायचा होता. वाचन झालं, भजन झालं, तियात्र, फुटबॉल, रांगोळी सगळं झालं. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘छंद ट्रक.’’

‘‘ट्रकचं काय?’’

‘‘सगळंच. बघायला आवडतात. आवाजावरून कुठली गाडी आहे ते मी ओळखतो.’’

वर्ग हसला. मीही हसलो. कोणीतरी विचारलं, ‘‘मग काय, पदवी घेऊन ड्रायव्हर होणार?’’ पुन्हा हशा. तो बिचारा खाली बसला.

घरी जाताना बसमध्ये मला माझीच लाज वाटली. कारण मी कुडचड्याजवळच्या खाणपट्ट्यातला. माझ्या लहानपणी आमचं घर ट्रकवर चाललं. माझी पहिली शाळेची फी, आजीचं डोळ्यांचं ऑपरेशन, घराची कौलं, हे सगळं बाबांच्या सहाचाकी टिपरने दिलं. आणि तरी मी हसलो. असं का झालं, याचा विचार करताना हा लेख लिहिला आहे.

आधी त्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ट्रकचं वेड असलेली माणसं पोटासाठी काय करतात? माझ्या ओळखीत असे सात-आठजण तरी आहेत. एकजण वेर्ण्याच्या औषध कारखान्यात पाळीत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन मोलेला जातो, अनमोड घाट उतरून येणाऱ्या गाड्यांचे फोटो काढायला. एक सहकारी पतसंस्थेत कारकून आहे. घरी फोम शीट आणि आइस्क्रीमच्या काड्या वापरून ट्रकची हुबेहूब मॉडेल बनवतो, अगदी मागच्या फाळक्यावरच्या नक्षीसकट. एक शाळेत गणित शिकवतो. माझ्या वर्गातले दोघे मोबाइलवर इंडोनेशियातला बसचा खेळ खेळतात. त्यात आपल्या मनाप्रमाणे गाडी घालता येते, म्हणून आपल्याकडच्या पोरांनी त्यात टाटा आणि लेलँडचे ट्रक आणून सोडलेत, लिंबू-मिरचीसकट.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ट्रक चालवून पोट भरणारा त्यांच्यात एकही नाही. ट्रकवर प्रेम करायचं ते रविवारी, आणि पगार मात्र दुसरीकडून घ्यायचा, असा हा हिशोब आहे. आणि जो सोमवार ते रविवार स्टेअरिंगवर बसतो, त्याला कोणी ‘ट्रकप्रेमी’ म्हणत नाही. त्याला ड्रायव्हर म्हणतात, तेही जरा खालच्या आवाजात.

माझ्या बाबांना दोन्ही शब्द लागू होते. आमच्याकडे खनिजाची वाहतूक साधारण ऑक्टोबर ते मे चालायची. खाणीवरून माल भरायचा, जुवारी किंवा मांडवीच्या काठावरच्या जेटीवर ओतायचा, तिथून बार्ज तो मुरगावला नेणार. पावसाळ्यात सगळं बंद. त्या चार महिन्यांत बाबा गाडी अंगणात उभी करून तिच्यावर लेकराइतकी मेहनत घ्यायचे. पाटे उतरवून ग्रीस घालायचे, केबिनला रंग काढायचे, आरशाला नवा गोंडा बांधायचे. आई म्हणायची, ‘‘माझ्या साडीपेक्षा हिची साडी भारी.’’

२०१२च्या पावसाळ्यात बाबांनी कर्ज काढून नवे टायर घातले. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. मी तेव्हा दुसरीत होतो. मला एवढंच आठवतं की ऑक्टोबर आला तरी गाडी अंगणातून हलली नाही. नव्या टायरांवर माझी सायकल टेकवून ठेवलेली असायची. सावर्डे, कुडचडे, सांगे, डिचोली, उसगाव, सगळीकडे अंगणाअंगणात अशाच गाड्या उभ्या होत्या. २०१४ साली न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, थोडी हालचाल झाली, आणि मार्च २०१८मध्ये पुन्हा सगळं थांबलं. त्यानंतर बाबांनी गाडी विकली. आज ते कुडचड्यात सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसतात. गिऱ्हाईक दारात गाडी थांबवतं तेव्हा इंजिन बंद होण्याआधीच बाबांना कळतं, काय बिघडलंय.

इथे एक खरं सांगायला हवं. खाणीचे ट्रक सगळ्यांना प्रिय नव्हते. रस्त्याकडेच्या घरांनी वर्षानुवर्षं तांबडी धूळ खाल्ली. पैसे ट्रिपमागे मिळायचे, म्हणून जास्त ट्रिपा, म्हणून जास्त वेग, आणि त्या वेगात माणसं गेली. बाबा हे नाकारत नाहीत. ‘‘गाडी वाईट नव्हती, हिशोब वाईट होता,’’ एवढंच म्हणतात. मला ते पटतं. ज्याचं पोट ट्रिपांच्या संख्येवर आहे, तो कितीही प्रेमळ असला तरी ब्रेक उशिरा दाबणार.

पण बाबांची दुसरी एक गोष्ट मला अजून टोचते. दहावीत माझे गणिताचे मार्क बघून ते म्हणाले होते, ‘‘अभ्यास कर, नाहीतर ट्रक चालवत बसशील.’’ ज्या माणसाने गाडीला साडीसारखं सजवलं, त्याच्या तोंडी हे वाक्य! ते आपल्या बहुतेक घरांत ऐकू येतं, कधी ट्रकच्या जागी रिक्षा असते, कधी म्हशी. वर्गात मी हसलो तो याच वाक्यामुळे. ड्रायव्हर म्हणजे नापासांची शिक्षा, हे माझ्या डोक्यात माझ्याच ट्रकवाल्या बापाने घातलं होतं.

हे खरं नाही, याची उदाहरणं आहेत. योगिता रघुवंशी मूळच्या नंदुरबारच्या, राहतात भोपाळला. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांचं शिक्षण झालेलं. पतीच्या निधनानंतर मुलांना वाढवायचं होतं, वकिलीत जम बसायला वेळ लागणार होता. त्यांनी ट्रकचं स्टेअरिंग धरलं आणि देशभर माल पोचवला. झारखंडचे राजेश रवानी पंचवीसहून जास्त वर्षं ट्रक चालवत आलेत. रस्त्याकडेला गाडी लावून स्वयंपाक करतानाचे त्यांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. २०१४ साली ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर टाटांनी ट्रकच्या शर्यती सुरू केल्या तेव्हा गाड्या आपल्या आणि चालवणारे परदेशी होते. २०१६ला आपल्याच महामार्गांवरचे ड्रायव्हर प्रशिक्षण घेऊन त्या ट्रॅकवर उतरले. कौशल्य आधीपासून होतंच, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

तरी मी त्या मुलाला ‘जा, हो ड्रायव्हर’ असं उगाच म्हणणार नाही. टाळ्या वाजवून कोणाला केबिनमध्ये ढकलणं सोपं आहे. तिथे महिनाभर झोपणं सोपं नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ साली झाला, त्यात दिवसाला आठ तासांचं काम लिहिलेलं होतं. लांब पल्ल्याच्या कुठल्याही ड्रायव्हरला हे सांगून बघा, तो आपल्याला बसमधल्या त्या वर्गासारखा हसेल. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा व्हायला २०२५ साल उजाडलं; त्याआधी इंजिनाच्या उष्णतेशेजारी मे महिना काढायचा, हेच चालत आलं. रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा नाही, स्वच्छ संडास नाही, आजारी पडलं तर पगार नाही. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात ड्रायव्हर मिळत नाहीत. कसे मिळतील? ज्याला आवड आहे त्याला आपण घरातच घाबरवून ठेवतो, आणि जो येतो त्याला धंदा पिळून काढतो.

माझं मत एवढंच आहे. ट्रकचं वेड हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, ती कामाची गोष्ट आहे. आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या मुलासमोर स्टेअरिंग हा एकच मार्ग नसतो. बॉडी बांधणारे, ऑटो इलेक्ट्रिशियन, इंजिनाचे मिस्त्री, पाट्यांचं काम करणारे, विम्याचे सर्व्हेअर, गाड्यांचा ताफा सांभाळणारे, काट्यावर बसणारे, फाळक्यांवर अक्षरं काढणारे पेंटर, या सगळ्यांची पोटं ट्रकवर भरतात. आपल्या कॉलेजात करिअरचं मार्गदर्शन होतं तेव्हा बँक, स्पर्धा परीक्षा आणि परदेश एवढंच ऐकतो. एकदा एखाद्या ट्रान्सपोर्टच्या मालकाला, एका मिस्त्रीला आणि एका ड्रायव्हरला बोलवा. तिघांना एकाच टेबलाशी बसवा, आणि चहा ड्रायव्हरला आधी द्या.

कोणी म्हणेल, साहित्य मंडळाच्या अंकात हे कशाला? तर ट्रकइतकी भाषा अंगावर घेऊन फिरणारं दुसरं वाहन आपल्याकडे नाही. ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ आपण रोज ज्या पाठीवर वाचतो, ती पाठ कोणाची आहे हेही वाचायला हवं.

गेल्या आठवड्यात मी त्या मुलाला कँटीनमध्ये गाठलं आणि आधी माफी मागितली. त्याला म्हणालो, अठरा पूर्ण झाली असतील तर चारचाकीचं लायसन्स काढून टाक. मालवाहतुकीच्या गाडीसाठी वय वीस लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात असावं लागतं. तेवढ्या काळात पदवीही होईल. मग त्याला बाबांच्या दुकानात घेऊन गेलो.

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. रस्त्यावरून एक गाडी गेली. बाबांनी विचारलं, ‘‘कुठली?’’ त्याने सांगितलं. बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘‘दिवाळीच्या सुट्टीत ये. ओळखीच्या गाडीवर पंधरा दिवस क्लीनर म्हणून पाठवतो, हुबळीपर्यंत. परत आल्यावर आवडते म्हणालास, तर पुढचं बोलू.’’

मला त्यांनी असं कधीच विचारलं नव्हतं.